ठेवूचो की सोडूचो?

देवबागहून गाइडचा फोन आला. बोट कधी हवी, माणसं किती, एवढं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "काका, एक मोठो मासो व्हयो, की मासळी व्हयी?" मी 'कळवतो' म्हणालो. त्याला वाटलं असेल, काका घरी विचारून सांगणार. घरी विचारण्यासारखं त्यात काहीच नाही. ज्याला विचारायचं तो माझ्या आतच बसलेला आहे, आणि त्याचं उत्तर सोयीचं नसतं म्हणून मी बरेच दिवस त्याला टाळत आलो आहे.

प्रश्न दिसतो साधा, पण सगळा दिवस त्यावर ठरतो. मासळी हवी म्हटलं तर बारीक गऱ्या, कोळंबीचं आमिष, खाडीची कड आणि जे लागेल ते पिशवीत. मोठा हवा म्हटलं तर कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे भरती-ओहोटीचं पाणी धरून, जिवंत आमिष लावून चोणकाची वाट बघायची. रायगडकडे त्यालाच जिताडा म्हणतात. नाहीतर बोट बाहेर काढून खोल खडपावर गोबरा आणि तांबोशी शोधायची. मुंबई-पुण्याहून, कोल्हापूरहून, गोव्याहून रॉड-रील घेऊन येणारे हौशी लोक बहुधा दुसराच पर्याय घेतात. बोटीचं भाडं, गाइडचे पैसे, प्रवास, राहणं असा खर्च करून कोणी बोटभर लांबीचे मासे गरवायला येत नाही. मीही येत नाही. मोठा सापडेपर्यंत लहान सोडत राहायचं, ही आमच्यातली प्रतिष्ठेची रीत. जो जास्त सोडतो तो जास्त जाणता.

अशीच रीत बंदुकीच्या शिकारीतही आहे. अमेरिकेत रॉकी पर्वतातल्या एल्क नावाच्या मोठ्या हरणाची शिकार अजून कायद्याने चालते. परवाना काढायचा, वाटाड्या घ्यायचा, ठरलेले दिवस डोंगरात काढायचे. कॉलोराडोत बऱ्याच भागांत नियम असा, की नराच्या निदान एका शिंगाला चार टोकं हवीत किंवा कपाळालगतचं टोक पाच इंची हवं. त्याखालचा नर मारायचा नाही. पण कायद्याची अट ही सुरुवात. त्यापुढे प्रत्येक शिकारी आपली वेगळी अट घालून घेतो: सहा टोकांखालचा नको, अमुक मापाखालचा नको. शिंगांची मापं घेऊन गुण देणारी बून अँड क्रॉकेट क्लब ही संस्था थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 साली काढली, आणि तिची मापं आजही तिथे प्रमाण मानतात. सहलीचे दिवस संपत आले की मात्र अटी ढिल्या होतात. म्हणून तिथले जुने शिकारी नव्यांना सांगतात, की शेवटच्या दिवशी जो नर चालेल तो पहिल्या दिवशी सोडू नये.

आपल्याकडेही ही तऱ्हा होती. परदेशी पाहुण्यांना वाघ 'दाखवून' देणाऱ्या शिकार कंपन्या 1970 पर्यंत चालल्या, मग वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलेला धंदा बंद पडला. कोकणात ठासणीच्या बंदुका आणि डुकरांचे हाकारे यांच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. बंदूक गेली, पण भिंतीवर लावण्याजोगं काहीतरी हाती यावं ही इच्छा कुठे जाणार? ती फोनमध्ये गेली. आता फोटो असतो.

मी स्वतःला बरीच वर्षं एल्कच्या शिकाऱ्यासारखा समजत आलो. लहान दिसला, सोडला, मध्यम आला, सोडला, मोठ्यासाठी थांबलो. केवढा संयम! पण एकदा नीट विचार केला तेव्हा या तुलनेतली गफलत दिसली, आणि ती दिसल्यापासून चैन नाही. एल्कचा शिकारी दुर्बिणीतून बघतो. शिंगं मोजतो, वयाचा अंदाज करतो, नको म्हणतो आणि दुर्बीण खाली ठेवतो. नाकारलेल्या जनावराला पत्ताही नसतो की आपली तपासणी झाली. ते चरत राहतं. माझी तपासणी गरी घशात गेल्यावर सुरू होते. पाण्याखाली काय आहे ते मला दिसत नाही; वर ओढून, दमवून, हवेत काढून, हातात धरून मग मी म्हणतो, "नको, लहान आहे." म्हणजे माझ्या चोखंदळपणाची किंमत नाकारलेला प्रत्येक मासा भरतो. एक मोठा मिळवण्यासाठी मी जितका जास्त चोखंदळ, तितकी जास्त तोंडं फाटणार.

सोडलेला मासा पोहत जातो हे डोळ्यांना दिसतं, आणि तेवढ्यावर मन भागवलं जातं. पुढचं दिसत नाही. गोबऱ्याच्या बाबतीत तर पोहत जाणंही दिसत नाही. खोल पाण्यातून त्याला भराभर वर ओढलं की दाब उतरतो आणि त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. डोळे बाहेर येतात, जठर उलटं होऊन तोंडातून डोकावतं. असा मासा 'सोडला' तरी खाली जाऊ शकत नाही. पाठ खाली, पोट वर करून तरंगत राहतो आणि घारी-कुरऱ्यांना सापडतो. वजन बांधून त्याला पुन्हा खोलवर पोचवण्याची साधनं निघाली आहेत, त्यांनी काही वाचतात. पण खडपावर अर्धा दिवस गोबरे ओढून लहान लहान परत टाकायचे आणि स्वतःला दयाळू म्हणवायचं, हे मला आता जमणार नाही. तिथे सोडणं हा शब्दांचा खेळ आहे; मेलेला मासा मी न खाता टाकून दिला, एवढाच त्याचा अर्थ.

मग लहान सोडून मोठाच ठेवणं तरी बरोबर का? इथे माझं अज्ञान मला फार वर्षं सोयीचं होतं. मोठा मासा म्हणजे म्हातारा, जगून झालेला, त्याला काढलं तर काय बिघडलं, असं आम्ही बोटीवर बोलायचो. चोणकाचं आयुष्य या बोलण्याला साथ देत नाही. चोणक आधी नर म्हणून वयात येतो, काही वर्षं नर राहतो, आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. म्हणजे हातात पेलत नाही असा जो चोणक फोटोत मिरवतो, तो जवळजवळ नेहमी मादी असतो, आणि एका हंगामात तिची अंडी कोट्यवधी. गोबऱ्याचं उलट: तो आधी मादी, पुढे नर. तिथे सगळे मोठे काढले की नरांचा तुटवडा. दोन्हीकडे आकार बघून निवड करणारा माणूस नकळत एका बाजूची पंगतच उठवतो.

2018 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने शेकडो जातींच्या माशांवरून दाखवलं, की मादीचं वजन वाढतं त्याहून अंडी जास्त वेगाने वाढतात. त्यातलं कॉड माशाचं उदाहरण लक्षात राहण्यासारखं आहे. 30 किलोची एक मादी जेवढी अंडी घालते तेवढ्यासाठी दोन-दोन किलोच्या 28 माद्या लागतात. एकूण वजन जवळपास दुप्पट, अंडी सारखी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये म्हणूनच चोणकाला दोन्हीकडून कुंपण आहे: 58 सेंटिमीटरहून लहान ठेवायचा नाही आणि 120 हून मोठाही नाही. आपल्या महाराष्ट्राने 2023 साली 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. चंदेरी पापलेटला, त्याच वर्षी राज्यमासा झालेल्या पापलेटला, 135 मिलिमीटर. पाऊल चांगलं आहे. पण ते लहानांना वाचवतं. थोराडांचा विचार ज्याचा त्याने करायचा.

शिंगांच्या हौसेचं काय होतं त्याचाही पुरावा आहे. कॅनडात अल्बर्टामधल्या रॅम माउंटनवर जंगली मेंढ्यांचा कळप शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं पाहिला. शिकारी मोठ्या शिंगांचे नर टिपत गेले आणि पिढ्यांमागून पिढ्या शिंगं लहान होत गेली. 2003 साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे हवं होतं तेच निवडून निवडून संपवलं. कर्ली आणि कालावलच्या खाड्यांत एवढं घडलं आहे असं मी म्हणत नाही. पण 'पूर्वीसारखे चोणक आता नाहीत' हे वाक्य ऐकून मान हलवणारा, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठ्याच्या मागे लागणारा, हा माणूस एकच असतो.

इथे माझा वकील उभा राहतो. प्रत्येकाच्या आत एक असतो; माझा फार हुशार आहे. तो म्हणतो, अरे, तुझ्या एका गरीने काय होणार? पर्ससीनवाले एका फेरीत टनांनी मासळी उपसतात. 5 फेब्रुवारी 2016 ला शासनाने त्यांच्यावर निर्बंध घातले, तरी मालवणच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार अजून त्यांच्याविरुद्ध भांडताहेत, रापणीला मासळी राहत नाही म्हणून रडताहेत, आणि तू एका चोणकाचा हिशेब घेऊन बसलास. वकिलाचं म्हणणं खोटं नाही. समुद्राच्या हिशेबात माझा मासा कुठेच धरला जाणार नाही. पण खटला समुद्राचा चाललेला नाही. पर्ससीनवाला पोटासाठी आणि नफ्यासाठी करतो; त्याला हवं तर दोष द्या, पण त्याचं कारण कळतं. माझं कारण काय? मासा खायचा तर मालवणच्या किनाऱ्यावर लिलाव होतो, तिथे मला हवा तेवढा आणि हवा तसा मिळतो, आणि तोही बोटीच्या भाड्यापेक्षा फारच स्वस्तात.

कारण सांगायचं तर एवढंच, की दोर ताणला जातो त्या क्षणी मला जे वाटतं ते दुसऱ्या कशात वाटत नाही. त्याला परंपरा म्हणून सजवावं असा मोह होतो. माझे वडील गरवायचे, आजोबा गरवायचे, वगैरे. खरं आहे, पण वडील नायलॉनचा दोर, शिशाचा तुकडा आणि एक गरी घेऊन बसत, आणि मिळेल ते घरी आणत. चोखंदळ ते अजिबात नव्हते. बोटभर मासाही आणत, गाबोळीने पोट फुगलेली मादीही आणत, आणि ती गाबोळी आम्ही भावंडं भांडून खायचो. त्यांना मी पर्यावरणाचे संत करणार नाही. पण त्यांच्या गरवण्याला एक तळ होता: आई सकाळीच सांगायची, दोन वेळची झाली की या. तेवढं झालं की दोर गुंडाळला जायचा. माझ्या गरवण्याला तसा तळ नाही. सोडत गेलं की पिशवी कधीच भरत नाही, आणि पिशवी भरली नाही की थांबायचं कारण उरत नाही. 'पकडा आणि सोडा' या शहाण्या दिसणाऱ्या नियमाने मला दिवसभर गरवण्याचा परवाना दिला.

या बाबतीत जगही एकमताचं नाही. अमेरिकेत मासा सोडणारा सभ्य मानला जातो. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्याने मासे पकडायला कायद्याने मनाई आहे, आणि जर्मनीचा प्राणीकल्याण कायदाही प्राण्याला त्रास देण्यामागे सबळ कारण मागतो. तिथे खाण्यासाठी पकडणं हे कारण ठरतं, मजा ठरत नाही. स्विस माणसाचं म्हणणं मला आधी विक्षिप्त वाटायचं. मासा सोडला तर गुन्हा, मारला तर नाही, हे काय? 2003 साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या तोंडाभोवती इजा टिपणारे मज्जातंतू दाखवून दिले, तेव्हापासून माशाला दुखतं का हा वाद शास्त्रज्ञांत चालू आहे. तो मिटेपर्यंत मला थांबायची गरज नाही. गरी लागलेला मासा जे करतो ते मी पुष्कळ पाहिलं आहे. त्याला मजा येत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

फोटोबद्दलही बोललं पाहिजे, कारण सगळ्या चोखंदळपणाच्या मुळाशी तो आहे. मोठ्या चोणकाचं मांस राठ असतं; कढीला मधला चांगला, आणि डोकं तर मधल्याचंच. हे मालवणातल्या कुठल्याही घरी सांगतील. तरी मला मोठा हवा असतो, म्हणजे तो स्वयंपाकघरासाठी नसतो. तो आमच्या ग्रुपसाठी असतो. दोन्ही हात पुढे लांब करून धरला की मासा आहे त्याहून मोठा दिसतो, ही युक्ती आम्ही सगळे वापरतो आणि दुसऱ्याने वापरली की ओळखतो. नंतर सोडायचा असला तरी फोटो निघेपर्यंत तो हवेत असतो. एक नीट येत नाही, दुसरा काढतात, मग गाइडबरोबर एक. जबड्याला धरून उभा लटकवला तर त्याचं सगळं वजन त्या जबड्यावर येतं, कोरड्या हातांना त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर लागून निघतो. सोडणाऱ्याच्या औदार्याची पावती हवी म्हणून हे सगळं. बारीक दोरावर मोठा मासा तासभर खेळवणं, ही आमच्यातली आणखी एक मर्दुमकी. मासा त्यात इतका दमतो, की सोडल्यावर त्याच्यात जीव किती उरला हे सांगवत नाही.

आणि गाइड? त्याचा विचार मी उशिरा करतोय, हेही माझ्याबद्दल काही सांगतं. तो तांडेलाचा मुलगा. घरची मासेमारी भागेना म्हणून पर्यटकांना नेऊ लागला. त्याचं नाव गिऱ्हाइकांच्या फोटोंवर चालतं. मोठ्या माशाचा फोटो म्हणजे पुढच्या महिन्यातली चार बुकिंगं. "काका, आता सांगा, ठेवूचो की सोडूचो?" असं तो मासा बोटीत आल्यावर विचारतो तेव्हा माझं तोंड बघून विचारतो, मी खूश झालो तर बक्षिसी मिळते. मी त्याला तत्त्व सांगायचं आणि त्याने आपलं पोट मारायचं, हा सौदा बरा नाही. याबाबतीत शासनाने एक गोष्ट समजून केली आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर 2018 पासून त्याला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडणाऱ्याच्या खिशाला बसलेली खार कोणीतरी भरली पाहिजे, हे त्यात मान्य केलेलं आहे. माझ्या सद्सद्विवेकाचा खर्च गाइडने उचलावा अशी माझी अपेक्षा असेल, तर तो विवेक नव्हे, चैन आहे.

म्हणजे निवड बोटीत करायचीच नाही. ती किनाऱ्यावर, आदल्या रात्री करायची: कुठे जायचं, कोणती गरी, किती जाड दोर, किती वाजता थांबायचं. एल्कवाला जे दुर्बिणीने करतो ते मला आमिषाच्या डब्यापाशी करावं लागेल. तिथल्या जुन्या शिकाऱ्यांचं ते वाक्यही मला आता वेगळ्या कारणाने पटतं. चालण्याजोगा पहिलाच मासा आला तर तो घ्यावा, कारण त्यापुढच्या प्रत्येक 'नको'ची किंमत दुसरा कोणी देणार आहे.

काल मी फोन केला. खोल खडपावर जायचं नाही, गोबरा नको. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या सागरी अभयारण्यात दोर टाकायचा नाही. 1987 पासून त्या अभयारण्यावर मच्छीमारांचा राग आहे आणि त्यांची बाजू मला समजते, पण मी हौशी आहे, मला दुसरीकडे जाता येतं. खाडीतच बसायचं. तीन तोंडी गळ नाही. आत वळलेल्या टोकाची गोल गरी लावायची, ती घशात न जाता ओठाच्या कोपऱ्यात बसते. दोर जाड. चोणक 60 ते 80 सेंटिमीटरमधला आला, म्हणजे नर म्हणून वयात आलेला आणि अजून मादी न झालेला, तर तो ठेवायचा, आणि तिथेच दोर गुंडाळायचा. मोठी मादी लागली तर बोटीत घ्यायची नाही, पाण्यातच गरी काढायची, फोटो नाही. 60 सेंटिमीटरखालचा लागला तरी तसंच. तीन लहान एकामागोमाग लागले तर जागा सोडायची.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "आणि सकाळी आठाकच गावलो तर? दिवसभर काय करतलास?"

मी त्याला सांगितलं, की आठाक गावलो तर आठाक घरी. बोटीचे आणि त्याचे पैसे पूर्ण दिवसाचे, आणि ते पहाटे निघण्याआधीच हातात.